घरातली पाहुणी

१२ ऑगस्ट

मावशी,

नमस्कार. अक्षर ओळखीचं नाही म्हणून तुम्ही आधी खालची सही बघाल आणि सही बघून आणखीच गोंधळाल. तेव्हा सुरुवातीलाच सांगते. मी तुमच्या ताईची मुलगी. म्हणजे त्यांनी दत्तक घेतलेली. आत्या मला 'पाहुणी' म्हणायची, तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही एकदा आला होतात. बाहेरच्या खोलीत बसलात, चहा अर्धा टाकून उठलात आणि जाताना माझ्या वेणीवरून हात फिरवलात. एवढंच आठवतं. त्यानंतर घरात तुमचा विषय निघाला नाही. पत्ता आईंच्या मामांकडून घेतला. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका पाठवायची आहे, अशी थाप मारली.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या साच्यावर कवळी, कॅप, जे हवं ते घडवतो. दिवसभर माझ्या टेबलावर अनोळखी लोकांची तोंडं उघडी पडलेली असतात.

गेल्या आठवड्यात आईंचं माप आलं. त्यांचे दात हलायला लागलेत. त्यांच्या डॉक्टरांचं काम आमच्याकडे येतं हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या कामाबद्दल घरी कुणी विचारत नाही, मीही बोलत नाही. साचा सुटला, मी कडा घासायला घेतल्या आणि हात थांबला. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा एक जादा दात.

तसाच मला आहे. बाहेरून दिसत नाही, जिभेला लागतो. लहानपणी बोलणी बसत असली की मी जिभेने तोच चाचपत उभी राहायचे. शिकाऊ असताना पहिलं माप स्वतःचंच घ्यायला लावतात, तो माझा साचा अजून फडताळात आहे. तो काढून शेजारी ठेवला. जागा तीच आणि डावीकडे कललेलाही तसाच. कुणाचे ते न सांगता दोन्ही साचे मालकांना दाखवले. ते म्हणाले, "मायलेकी का?"

मावशी, मी दत्तक आहे हे मला समज आल्यापासून माहीत आहे. बाबा शाळेच्या समारंभात मला व्यासपीठावर शेजारी उभं करायचे आणि 'अनाथाला घर द्या' यावर बोलायचे. बाबा मुख्याध्यापक; त्यांचं बोलणं संपलं की टाळ्या पडायच्या. धाकटा 'अगं आई' म्हणतो, मला 'अहो आई' म्हणायला शिकवलं. उपकाराची जाण राहावी म्हणून. माझी तक्रार नाही. परक्याचं पोर सांभाळणं सोपं नसतं.

पण तो दात परक्याचा नाही. तुमच्या घरातल्या कुणाचं मूल अनाथालयात ठेवलं होतं का? एवढंच सांगा. आईंना विचारायची माझी हिंमत नाही.

— पाहुणी


२६ ऑगस्ट

पाहुणी,

पत्र मिळालं. पत्रिका मिळाली नाही आणि मिळणारही नाही, तेव्हा मामांना पुढच्या वेळी जरा बरी थाप मार.

असले दात शेकडो लोकांना असतात. तुझा मालक दात बघून नाती सांगत असेल तर त्याने लॅब बंद करून ज्योतिषाचं दुकान टाकावं.

मी इथे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. शंभरावर मुली माझ्या हाताखालून गेल्यात. कोण कशासाठी रडतं आणि कोण कशासाठी पत्रं लिहितं, हे मला वास घेऊन कळतं. ताईने तुला खाऊ घातलं, शिकवलं, पायावर उभं केलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मोजायचेच असले तर मोजपट्टी धरायला मला बोलावू नये. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तर रक्त आपल्याच तोंडात येतं.

पुन्हा लिहू नकोस. लिहिलंसच तर वेणी अजून तेवढीच लांब आहे का, ते कळव.

— मावशी


९ सप्टेंबर

मावशी,

वेणी कधीच कापली. लॅबमध्ये घासायच्या मोटारीच्या चाकात अडकते.

तुम्ही लिहू नकोस म्हणालात, म्हणून मी आईंनाच विचारलं. त्या बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होत्या.

मी म्हटलं, "आई, तुम्हाला पुढच्या दातांमागे एक जादा दात आहे ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमचा साचा मीच ओतला."

इस्त्री शर्टावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली, शर्ट माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाल्या, "मग ओत आणि गप बस." दुसऱ्या दिवशी त्यांनी दातांचे डॉक्टर बदलले.

आता पुढचं ऐका. परवा लग्नाच्या कपड्यांसाठी शिंपीणबाई घरी आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होते. आत्या त्यांना सांगत होती, "पाहुणी कसली परकी? वहिनीच्या धाकट्या बहिणीचं लफडं आहे ते. ठरलेलं लग्न मोडलं तिचं त्यापायी. वहिनीने पोरीला पदरात घेतलं म्हणून झाकली मूठ राहिली." तेवढ्यात मी दारात आले. आत्याच्या चेहऱ्यावर रेघही हलली नाही. मोजपट्टीचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "धर गं जरा."

मी धरलं. कंबर, छाती, बाही, सगळी मापं होईपर्यंत धरून उभी राहिले.

तुम्ही लग्न केलं नाहीत. तुम्हाला घरी बोलवत नाहीत. तुम्ही माझ्या वेणीवरून हात फिरवलात आणि इतक्या वर्षांनी वेणीचंच विचारलंत. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, मला आता सांभाळायची गरज नाही, त्यामुळे घाबरू नका. फक्त खरं सांगा.

तुम्ही माझी आई आहात का?

— पाहुणी


३० सप्टेंबर

पोरी,

हो.

हा शब्द लिहायला मला तीन आठवडे लागले, म्हणून उशीर. आता लिहिलाय तर बाकीचंही लिहिते.

तू झालीस तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आमच्या घरच्यांनी लांबच्या गावी दोन खोल्या घेतल्या होत्या, गिरणीच्या मागच्या बाजूला. ताई आणि मी, दोघीच. लोकांना सांगितलं होतं की ताई आजारी आहे, मी सोबतीला गेलेय. तू पहाटे झालीस. सुईण गेली, आणि तू जी रडायला लागलीस ती गिरणी सुरू झाल्यावरच थांबलीस. पुढे तेच. गिरणी बंद असली की तुला झोप नाही. सुट्टीच्या दिवशी मी तोंडाने घरघर असा आवाज काढत तुला घेऊन फिरायचे. पाच आठवडे तू माझ्या खांद्यावर होतीस. मग एक गाडी आली आणि तुला घेऊन गेली. मी गाडीमागे पळाले आणि चप्पल तुटली म्हणून थांबले. अजून वाटतं, अनवाणी पळायला काय झालं होतं?

तो माणूस कोण, हे विचारू नकोस. तो नंतर सभ्य म्हणून मिरवला, एवढं पुरे.

दोन वर्षांनी ताई आणि तिचा नवरा तुला 'दत्तक' घेऊन आले. गावभर वाहवा झाली. कुजबुजही झाली, आणि तिचं बोट माझ्याकडे वळलं. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी निरोपही पाठवला नाही, नुसतं येणं बंद केलं. ताईने मला सांगितलं, "तू तोंड उघडलंस तर दोघी रस्त्यावर याल." म्हणून मी इथे आले.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. मला 'तुम्ही' म्हणू नकोस.

— तुझी


१४ ऑक्टोबर

आई,

हा शब्द मी आयुष्यभर वापरलाय, पण आज लिहिताना कान गरम झाले. अगं आई. बघ, लिहिलं.

तुझं पत्र घेऊन मी लॅबच्या गच्चीवर गेले. वाचलं आणि पहिला विचार काय आला सांगू? की मला टाकलं नव्हतं, ओढून नेलं होतं. तू मागे पळाली होतीस. लहानपणापासून मला वाटायचं की आपल्यात काहीतरी खोट असणार, त्याशिवाय कुणी बाळ ठेवून जात नाही. बाजारात फळं बघून परत ठेवतात तसं.

मला खूप विचारायचंय. तू एका बाजूने चावतेस का? भरभर चालतेस का? राग आला की तुझाही आवाज चढण्याऐवजी उतरतो का? आणि तुझाही तो दात आहे ना?

इथे लग्नाची धांदल आहे. काल आई (त्या) फोटोग्राफरला सांगत होत्या, आधी सगळ्यांचा काढा, मग 'फक्त घरच्यांचा' वेगळा काढा. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या वेळी तू सगळ्यांच्या पर्स धर." महिन्याभरापूर्वी हे ऐकून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले असते. काल नुसती हसले. बरोबरच आहे म्हटलं. माझं घर हे नव्हेच.

लॅबमध्ये राजीनामा दिलाय. लग्न उरकलं की मी येते. तुझ्या खोलीत जागा नसली तर जमिनीवर झोपेन.

— तुझी मुलगी


२ नोव्हेंबर

बाळा,

ये. दुसरी खाट मागवली आहे. खोली लहान आहे, दोन्ही खाटा लावल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही, पण चालेल.

मी भरभर चालते. मुली मला पाठीमागे 'एक्स्प्रेस' म्हणतात. दात मलाही होता, दुखायचा म्हणून काढून टाकला.

ताईला मात्र काही बोलू नकोस. लग्न होऊ दे, गुपचूप बॅग उचल आणि ये. तिच्याशी वाद घातलास तर ती काय वाट्टेल ते सांगेल. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. मी सांगितलं तेवढंच खरं धर.

तुझं पत्र दार लावून वाचते. 'अगं आई' एवढंच कितीदा वाचलं, ते सांगत नाही.

— आई


१९ डिसेंबर

पाहुणीस,

हे पत्र तुला वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवते आहे. लग्नाचे पाहुणे अजून घरात, आणि तू सकाळी बॅग उचलून निघून गेलीस. जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी, 'माझ्या आईकडे जाते आहे.' ती आधी आत्याच्या हाती लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुझी आई? ती? तिला कधी दिवससुद्धा गेले नाहीत. तुला जे काय सांगितलं असेल त्यात एक गोष्ट खरी असेल, की ती तिथे होती. सोबतीला होती. कळा मी सोसल्या. तू माझी आहेस. माझ्या पोटची. आणि तुझे बाबा तुझे सख्खे बाबा आहेत.

आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. त्यांना तेव्हा शाळेत नोकरी लागायची होती, आणि संस्थेचे लोक चारित्र्य आधी बघायचे, शिक्षण नंतर. लग्नाआधीचं मूल म्हणजे सगळं संपलं असतं. म्हणून तुला अनाथालयात ठेवलं. लग्न झाल्यावर तुला आणायचं मीच म्हणाले, हे लक्षात घे. त्यांचं मन नव्हतं. आणलं ते दत्तक म्हणून. लोकांनी इतकं कौतुक केलं की मागे फिरायला वाट उरली नाही. ते व्याख्यानं द्यायला लागले. मी काय करणार होते, उभी राहून म्हणणार होते की हे खोटं आहे?

तू म्हणशील, घरात तरी माया करायची. केली असती तर चारचौघांत दिसली असती. चारचौघांत कोरडं राहायचं तर घरातही कोरडं राहायची सवय करावी लागते. ती मी केली. पुढे धाकटा झाला, त्याला मोकळेपणाने जवळ घेता यायचं. तू दारात उभी राहून बघायचीस आणि मला तुझाच राग यायचा. तुला पाहिलं की त्या गिरणीमागच्या खोल्या आठवायच्या. मग सवय राहिली आणि तिचं कारण संपलं. मी खोटं कशाला लिहू?

तिच्या नावाने कुजबुज झाली ती मी सुरू केली नाही. थांबवली नाही, इतकंच. लोकांना कुणीतरी लागतंच. एक स्थळ मोडलं तर दुसरं आलं असतं. आलं नाही, हा माझा दोष नव्हे. पण त्याची वसुली म्हणून ती माझी मुलगी घेणार असेल, तर ते मी होऊ देणार नाही. तिला एकदा जरी आई म्हटलं असशील तर तोंड धुऊन टाक.

रविवारच्या आत घरी ये. बाबांच्या निवृत्तीचा सत्कार तोंडावर आहे, तेव्हा त्यांच्यासमोर किंवा धाकट्यासमोर यातलं अक्षर काढू नकोस. नवी सून घरात आहे. हवं तर मला 'तू' म्हण. घरात, कुणी नसताना.

— आई


६ जानेवारी

आई,

रविवार येऊन गेला. मी आले नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मावशी मुलींच्या जेवणाच्या खोलीत ताटं मोजून घेत होती. मी तिथेच, सगळ्या मुलींसमोर, पत्र तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. मग एप्रनला हात पुसून ते घडी करून मला परत दिलं.

मी विचारलं, "खरं आहे?"

"हो."

"मग मला हो का लिहिलंस?"

ती म्हणाली, "तू विचारलंस म्हणून. आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी किती सांगितलं, माझं मूल नाही, माझं मूल नाही. कुणी ऐकलं नाही. तुझ्या पायी माझं लग्न गेलं, गाव गेलं, आई-बाप गेले. एवढं सगळं दिल्यावर तू तरी माझी असायला नको?"

"मी काय उधारीत उरलेली वस्तू आहे?" असं मी म्हटलं. आणखीही बरंच बोलले, ते लिहीत नाही. ती ऐकत राहिली. माझा आवाज उतरत गेला तशा मुली एकेक करून ताटं टाकून निघून गेल्या. शेवटी तिने एवढंच विचारलं, "जेवून तरी जाशील?" मी जेवले नाही. नोकरी करणाऱ्या बायकांच्या लॉजमध्ये दोघींसोबत खोली घेतली आहे. इथल्या एका लॅबमध्ये कामही मिळालं. तिने तीन महिने स्वप्न दाखवलं, तुम्ही अठ्ठावीस वर्षं काहीच दाखवलं नाहीत. कोणाची जास्त चीड यावी ते अजून ठरत नाही.

तुम्ही लिहिता, मी तुमची. हे वाचल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण अनाथ होते तोवर माझ्याकडे निदान एक गोष्ट होती. मला वाटायचं, माझी खरी आई असती तर तिने असं केलं नसतं. तेवढंही तुम्ही काढून घेतलंत.

माझं एकच म्हणणं आहे. मी तुमची असेन तर ते एकदा मोठ्याने म्हणा. घरात, कुणी नसताना नव्हे. जेवणाच्या टेबलावर, बाबा, धाकटा, सून, आत्या, सगळे बसलेले असताना. एकच वाक्य. मग मी येईन.

तोवर पत्र लिहू नका.

— पाहुणी


२२ फेब्रुवारी

बाळ,

म्हटलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. आत्या नेहमीप्रमाणे म्हणाली, "गेली ना शेवटी आपल्या आईकडे? परकं ते परकंच." माझ्या हातून वाढणं थांबलं. मी म्हटलं, "ती माझी मुलगी आहे. मी जन्म दिलाय तिला. आणि यांचीच आहे."

धाकट्याने बाबांकडे बघितलं. बाबा पाणी प्यायले, त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "लग्नाच्या दगदगीने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला आठवडाभर वाटतच होतं." मग सुनेला म्हणाले, "आईंना आत घेऊन जा." मी ओरडले, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा मी या घरात ओरडले, आणि त्यानेच त्यांचं म्हणणं खरं ठरलं. धाकट्याने माझे दोन्ही हात धरून मला खोलीत नेलं.

त्यांनी ओळखीचे डॉक्टर आणले. आता गोळ्या चालू आहेत. त्या घेतल्या की दिवसभर डोळे मिटतात, नाही घेतल्या की आत्या समोर बसून घ्यायला लावते. सत्काराला मला नेलं नाही. तिथे ते पुन्हा अनाथांवर बोलले म्हणे. मागच्या खोलीत माझी खाट टाकली आहे. सून बोलते ती लहान मुलाशी बोलावं तसं.

धाकटा मात्र थोडा घोटाळ्यात पडलाय. मला म्हणाला, "तिने स्वतः सांगितलं तर मी मानेन." बाबा त्याला घेऊन तुझ्याकडे यायचं म्हणतायत, तुझ्याच तोंडून ऐकवायला. त्यांना वाटतं तू घाबरशील. घाबरू नकोस. तू सांगितलंस की मी वाक्य म्हणायचं. मी म्हटलं. आता तुझी पाळी.

मावशीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती हसेल.

— तुझी आई


११ मार्च

आई,

बाबा आणि धाकटा आले होते. लॉजच्या खाली पाहुण्यांसाठी एक खोली आहे, प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि एक पंखा. बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात होते. धाकटा दाराजवळ बसला. वाळलाय तो. पहिल्यांदाच मला 'ताई' म्हणाला.

बाबांनी प्रश्न शाळेत विचारतात तसा विचारला. "तुझ्या आईची प्रकृती बरी नाही. ती काहीबाही बोलते आहे. तुला जे माहीत आहे ते तू तुझ्या भावाला सांग. कुणाचं दडपण घेऊ नकोस."

धाकटा म्हणाला, "ताई, तू म्हणशील ते मी खरं मानेन. आईची शपथ."

मी खरं सांगायचं ठरवून खाली आले होते. जिन्यात वाक्यही जुळवलं होतं. पण त्याने 'आईची शपथ' म्हटलं आणि मला दवाखाना आठवला. मी सात वर्षांची होते, ताप उतरत नव्हता. नर्सने तुम्हाला विचारलं, "आई का तुम्ही?" आणि तुम्ही म्हणालात, "नाही, आम्ही सांभाळतो हिला." तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, आई. बाबा नव्हते, आत्या नव्हती, संस्थेचे लोक नव्हते. परगावचा दवाखाना होता आणि ती नर्स आपल्याला पुन्हा कधी भेटणार नव्हती. तिथे हो म्हटलं असतं तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. मी तापात डोळे उघडून तुमच्याकडे बघत होते. तुम्हीही माझ्याकडे बघत होतात.

मी धाकट्याला म्हटलं, "मी दत्तक आहे. आईंना बरं नाही, त्यांना जपा."

बाबांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ढोंग नव्हतं ते. उठून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुणाची पोर." धाकटा खाली बघत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं, मला बहीण आहे." मी त्याला थांबवलं नाही.

त्यामुळे आता तुमचं कुणी ऐकणार नाही. मी घरी येणार नाही. गोळ्या घेतल्या तर त्रास कमी होईल.

मावशी दर रविवारी लॉजच्या फाटकाशी येऊन उभी राहते. मी बाजारात निघाले की शेजारून चालते. आम्ही बोलत नाही. मी तिला अजून कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही. एकदाच बोलले, तुमच्याबद्दल तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, रडली.

हे लिहिताना बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. पण दुसरं काही लिहावंसंही वाटत नाही. मी कोण, कुणाची, हा प्रश्न मला लहानपणापासून होता, आणि तुम्ही कबूल केल्यावरही तो सुटला नव्हता. तो त्या खोलीत सुटला. धाकट्याच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले, माझा आवाज हलला नाही, आणि समोर एक माणूस तुटतोय हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या क्षणी माझी खात्री पटली की मी तुमचीच मुलगी आहे.